वाचनालयाचा संगणक डेबियन १२ वरून १३ वर: दिसलेले दोन कॉन्फ्लिक्ट आणि न दिसलेला तिसरा

हा संगणक तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचा आहे. देवघेवीच्या टेबलावर असतो. चौसष्ट-बिट प्रोसेसर, आठ जीबी मेमरी आणि डेबियन या लिनक्स प्रणालीची १२ वी आवृत्ती, म्हणजे ‘बुकवर्म’. सुट्टीच्या दिवशी जाऊन त्याची देखभाल मी करतो.

त्यावर तीन कामं चालतात. ब्राउझरमधून पुस्तकांची नोंद, मराठी टायपिंग आणि विंडोजचा एक फार जुना लेखन-प्रोग्राम. हा प्रोग्राम वाइनमधून, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, चालतो आणि तो बत्तीस-बिट आहे. युनिकोड रुळण्याआधीच्या फॉन्टात टाइप केलेली वाचनालयाच्या वार्षिक सभांची इतिवृत्तं त्यात आहेत. ती दुसऱ्या कशात उघडली की अक्षरांच्या जागी इंग्रजी खुणांचा चिखल दिसतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गानुसार अनुदान मिळतं. वर्ग टिकवायचा तर जुने ठराव कधी ना कधी दाखवावे लागतातच. म्हणून काम सुरू करण्याआधी ग्रंथपाल ताईंनी एकच गोष्ट सांगितली होती: “दादा, बाकी काही मागेपुढे झालं तर बघू, पण इतिवृत्तं उघडली पाहिजेत.”

डेबियन १३, ‘ट्रिक्सी’, ९ ऑगस्ट २०२५ ला आली. बुकवर्मला सुरक्षा-सुधारणा मिळत होत्या, त्यामुळे घाई नव्हती. दिवाळीत वाचनालय चार दिवस बंद असतं, तेव्हा काम काढलं.

या यंत्रावर माझ्याआधी दुसरे एक स्वयंसेवक काम करायचे. त्यांनी दोन गोष्टी करून ठेवल्या होत्या. मुलांच्या गोष्टींचे व्हिडिओ नीट चालावेत म्हणून मल्टिमीडियाची एक बाहेरची, डेबियनची नसलेली रिपॉझिटरी (पॅकेजं जिथून उतरवतात तो साठा) जोडली होती. आणि मराठी कीबोर्डसाठी स्वतः एक छोटं पॅकेज (एकत्र बसवायच्या फाइलींचा गठ्ठा) बनवून बसवलं होतं. दोन्ही गोष्टी गरजेपोटी, चांगल्या हेतूने केलेल्या होत्या आणि दोन्ही वर्षानुवर्षं विनातक्रार चालल्या. अपग्रेडमध्ये आलेल्या सगळ्या अडचणी मात्र फिरून याच दोन जागी येत होत्या.

पहिला अडथळा: एक फाइल, दोन मालक

सुरुवात नेहमीसारखी झाली. वापरकर्त्यांच्या फाइली, सेटिंग्जची ‘इटीसी’ डिरेक्टरी, पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीचा डेटाबेस आणि बसवलेल्या पॅकेजांची यादी वेगळ्या डिस्कवर घेतली. मग रिपॉझिटरींच्या नोंदींमध्ये ‘बुकवर्म’च्या जागी ‘ट्रिक्सी’ लिहिलं, बाहेरच्या रिपॉझिटरीतही. तिथेच मी चूक केली. डेबियनच्या रिलीज नोट्स स्पष्ट सांगतात की अपग्रेडच्या आधी बाहेरची पॅकेजं शोधून शक्य तेवढी काढून टाका. मी ते वाचलं होतं आणि ‘त्यांच्याकडेही ट्रिक्सीचा विभाग आहे की’ असं म्हणून पुढे गेलो होतो.

डेबियनची पद्धत दोन टप्प्यांची आहे. ॲप्ट म्हणजे पॅकेजं उतरवून डीपीकेजीकडून बसवून घेणारा प्रोग्राम. आधी ‘ॲप्ट अपग्रेड’, तेही ‘--विदाउट-न्यू-पीकेजीएस’ जोडून. यात नवं काही बसत नाही आणि जुनं काही निघत नाही, फक्त जे सहज जुन्यावरून नव्यावर जाईल तेवढंच जातं. त्यानंतर ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’. पहिला टप्पा अर्ध्यावर असताना डीपीकेजी थांबलं. मराठीसह अनेक भाषांचे कीबोर्ड ज्या पॅकेजात असतात ते ‘एम१७एन-डीबी’ उघडताना चूक आली: ‘एमआर-फोनेटिक.एमआयएम’ या फाइलवर लिहायचं आहे, पण ती दुसऱ्या एका पॅकेजाचीही आहे. दुसरं पॅकेज म्हणजे आधीच्या स्वयंसेवकांनी बनवलेलं कीबोर्डाचं पॅकेज.

हा कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोन पॅकेजांची टक्कर, सगळ्यात साधा. डिस्कवरच्या एका मार्गावर एकाच पॅकेजाची मालकी, हा डीपीकेजीचा मूळ नियम. एखाद्या पॅकेजाला दुसऱ्याची फाइल रीतसर ताब्यात घ्यायची असेल तर त्याने आपल्या माहितीत ‘रिप्लेसेस’ लिहावं लागतं आणि सोबत बहुधा ‘ब्रेक्स’ही. अमुक आवृत्तीच्या आधीचं ते पॅकेज माझ्यासोबत चालणार नाही, असा त्याचा अर्थ. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर डीपीकेजी नकार देतं.

मग हे कीबोर्डाचं पॅकेज पहिल्यांदा बसलं तरी कसं? ‘--फोर्स-ओव्हरराइट’ने. डीपीकेजीच्या जुन्या लॉगमधल्या वेळा आणि ताईंची आठवण यांवरून एवढा उलगडा झाला. त्या वेळी डीपीकेजीने हाच नकार दिला होता आणि तो जोर लावून मोडला गेला होता. त्या दिवसापासून ती फाइल स्थानिक पॅकेजाच्या नावावर गेली आणि मूळ मालकाला पुढच्या अपग्रेडमध्ये तिच्यावर हक्क उरला नाही.

इंटरनेटवर याचा जो उपाय सगळ्यात आधी सापडतो तो पुन्हा ‘--फोर्स-ओव्हरराइट’च. या वेळी तो वापरला असता तर काम पुढे सरकलं असतं, फक्त ताईंचा कीबोर्ड गेला असता. म्हणून आधी त्या फाइलमध्ये नेमकं काय बदललंय ते पाहिलं. बदल मोजून चार ओळींचा होता. ‘ॲ’ आणि अर्धा ‘ऱ’ सोप्या कळांवर आणले होते. कऱ्हाड, वऱ्हाड, दऱ्या, सुऱ्या हे शब्द सभासदांच्या पत्त्यांत आणि पुस्तकांच्या नावांत रोज येतात. ताईंच्या बोटांना त्या कळांची सवय होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. असा बदल टाकून देण्यासारखा नव्हता, तो फक्त चुकीच्या जागी होता.

एम१७एनमध्ये प्रत्येक वापरकर्त्यासाठी त्याच्या होम डिरेक्टरीत ‘.एम१७एन.डी’ नावाची जागा असते. तिथे ठेवलेला कीबोर्ड कोणत्याही पॅकेजाच्या वाटेत येत नाही. फाइल तिथे वेगळ्या नावाने ठेवली. नुसतं फाइलचं नाव बदलून भागत नाही. आत वरच्या बाजूला ‘इनपुट-मेथड’, भाषा आणि नाव अशी ओळ असते, तिथेही ‘फोनेटिक’च्या जागी ‘वाचनालय’ केलं. मग स्थानिक पॅकेज काढलं, ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ने अर्धवट राहिलेली पॅकेजं मार्गी लावली आणि ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ चालवलं. एम१७एन-डीबी नव्या आवृत्तीवर गेलं, मूळ फोनेटिक कीबोर्ड आपल्या जागी परतला आणि कीबोर्ड निवडायच्या आयबसच्या यादीत वाचनालयाचा कीबोर्ड वेगळा दिसू लागला. पहिला टप्पा पूर्ण झाला.

दुसरा अडथळा: काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी

फुल-अपग्रेड खरं चालवण्याआधी मी ते नेहमी ‘-एस’ने, म्हणजे नुसतं नाटक म्हणून चालवतो आणि उत्तर फाइलमध्ये साठवतो. त्यात बसणाऱ्या पॅकेजांपुढे ‘इन्स्ट’ आणि निघणाऱ्यांपुढे ‘रेम्व्ह’ असतं. या वेळी ‘रेम्व्ह’च्या ओळी दोनशेच्या वर होत्या. त्यात ‘वाइन३२’, म्हणजे बत्तीस-बिट वाइन, होतं.

मात्र दोनशे म्हणजे दोनशे गोष्टी जाणार असा अर्थ नव्हता. ट्रिक्सीत शेकडो लायब्ररींची (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या कोडच्या पॅकेजांची) नावं बदलली आहेत आणि त्याचं मूळ २०३८ सालात आहे. युनिक्समध्ये वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात. तो आकडा बत्तीस-बिटच्या खणात ठेवला तर २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे मावत नाही. भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ च्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी तो खण भरतो. डेबियनने ट्रिक्सीत हा खण चौसष्ट-बिटचा केला. त्यामुळे ज्या लायब्ररींच्या बाहेरच्या रचनेत वेळ येते त्या सगळ्या जुन्या प्रोग्रामांशी जुळेनाशा झाल्या. ते लपून राहू नये म्हणून पॅकेजांच्या नावामागे ‘टी६४’ जोडलं: ‘लिबएसएसएल३’चं ‘लिबएसएसएल३टी६४’, ‘लिबकप्स२’चं ‘लिबकप्स२टी६४’. आत फाइली त्याच मार्गांवर असल्याने जुनं पॅकेज जायलाच हवं, आणि ते यादीत ‘रेम्व्ह’ म्हणून दिसतं.

गंमत अशी की या यंत्रावर प्रत्यक्षात काहीच बदलत नव्हतं. एएमडी६४ वर, म्हणजे चौसष्ट-बिट प्रोसेसरसाठीच्या डेबियनवर, वेळ आधीपासून चौसष्ट-बिट आहे. आणि त्याच्या बत्तीस-बिट भावाला, आय३८६ ला, डेबियनने मुद्दाम वगळलं, कारण ते आता मुख्यतः जुने बत्तीस-बिट प्रोग्राम चालवण्यासाठीच उरलंय. तिथे वेळ बदलली असती तर तेच प्रोग्राम मोडले असते. म्हणून या दोन्हींवर टी६४ पॅकेजं ‘मी जुन्या नावानेही ओ देतो’ असं ‘प्रोव्हाइड्स’मध्ये सांगतात. बत्तीस-बिट एआरएमवर खरोखर बदल झालाय, तिथे ती ओ मिळत नाही. मिळू नये हेच बरोबर आहे.

तेव्हा काम असं: निघणाऱ्या प्रत्येक नावाला ‘टी६४’ लावायचं आणि ते बसणाऱ्यांच्या यादीत आहे का पाहायचं. असेल तर ते नामांतर, सोडून द्यायचं. शेलमध्ये हे दोन ओळींत होतं. दोनशेपैकी बहुतेक नावं अशी वजा झाली. थोडीच उरली, आणि ती एकाच घरातली होती: वाइन३२, बत्तीस-बिट ‘लिबवाइन’, बत्तीस-बिट ‘लिबजीस्ट्रीमर’ (आवाज-व्हिडिओ चालवणारी लायब्ररी) आणि त्याच्या आसपासची.

यादी अशी गाळून वाचली नसती तर ‘आवृत्ती बदलतेय, जुन्या लायब्ररी जाणारच’ एवढ्यावर माझंही समाधान झालं असतं.

ॲप्टला कारण विचारण्याचा एक मार्ग असा आहे की जे निघतंय तेच नाव घेऊन ‘हे बसव’ म्हणायचं, अर्थात नाटकातच. वाइन३२ आणि चौसष्ट-बिट लिबजीस्ट्रीमर दोन्ही एकत्र मागितले. उत्तराची शेवटची ओळ होती ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’. या ओळीने अनेकांचे तास वाया जातात. ती वाचून माणूस अडकवून ठेवलेल्या पॅकेजांची यादी देणारं ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ चालवतो, आणि तिथे बहुधा काहीच नसतं. इथेही नव्हतं. तुम्ही कोणतं पॅकेज अडकवून ठेवलंय असा तिचा अर्थ नाही. मागितलेल्या सगळ्या अटी एकत्र पूर्ण होतील असा मार्ग सापडला नाही, एवढंच ती सांगते. कामाची ओळ तिच्या वर होती: बत्तीस-बिट लिबजीस्ट्रीमरची आवृत्ती चौसष्ट-बिटच्या आवृत्तीइतकीच नसेल तर एकाने दुसरं मोडतं.

हा मल्टिआर्चचा, म्हणजे एकाच यंत्रावर दोन आर्किटेक्चरची (प्रोसेसरच्या प्रकारांची) पॅकेजं ठेवण्याच्या सोयीचा नियम, डेबियन ७ पासूनचा. एकाच लायब्ररीच्या दोन आर्किटेक्चरच्या प्रती शेजारी राहू शकतात, पण आवृत्ती अक्षरशः एकच हवी, कारण दस्तऐवजासारख्या काही फाइली दोघांत सामायिक असतात. बुकवर्ममध्ये इथे कधी अडलं नव्हतं, कारण बाहेरची रिपॉझिटरी दोन्ही आर्किटेक्चरसाठी पॅकेजं देत होती. ट्रिक्सीच्या विभागात तिने फक्त एएमडी६४ ठेवलं होतं. डेबियननेच ट्रिक्सीपासून आय३८६ ला स्वतंत्र यंत्रावर बसवण्याजोगं आर्किटेक्चर म्हणणं थांबवलंय, त्यामुळे त्यांच्या निर्णयात गैर काही नव्हतं. पण परिणाम असा झाला की चौसष्ट-बिट जीस्ट्रीमर १.२६ वर जाऊ पाहत होतं, बत्तीस-बिट १.२२ वर अडकलं होतं, आणि दोन्ही समान हवेत. त्यातून मार्ग एकच उरत होता, तो म्हणजे बत्तीस-बिट शाखा छाटायची. वाइन३२ त्याच शाखेवर होतं.

पण डेबियनच्या स्वतःच्या रिपॉझिटरीत बत्तीस-बिट जीस्ट्रीमर १.२६ होतंच. ॲप्ट ते का घेत नव्हतं?

तिसरा: ज्याची चूक दिसत नाही

हा प्रश्न मला त्याच वेळी पडायला हवा होता. रात्रीचे अकरा झाले होते. मी आधी सोपं करून पाहिलं. बाहेरच्या रिपॉझिटरीची नोंद बंद केली, ‘ॲप्ट अपडेट’ केलं आणि नाटक पुन्हा चालवलं.

यादी स्वच्छ आली. वाइन३२ जागेवर, बत्तीस-बिट लायब्ररी जागेवर. निघणाऱ्यांत फक्त टी६४ ची नामांतरं. एकही चूक नाही. बोट ‘वाय’वर गेलं होतं. मग एक गोष्ट खटकली: बसणाऱ्या पॅकेजांत जीस्ट्रीमरचं नाव कुठेच नव्हतं. १.२२ वरून १.२६ वर जायचं तर ते दिसायलाच हवं होतं.

‘ॲप्ट पॉलिसी लिबजीस्ट्रीमर१.०-०’ने चित्र उघड केलं. बसलेली आवृत्ती २०:१.२२, पर्याय म्हणून निवडलेली तीच, आणि डेबियनची १.२६ खाली, न निवडलेली.

कोलनच्या आधीचा आकडा म्हणजे ‘इपॉक’. एखाद्या प्रकल्पाने आवृत्ती मोजण्याची पद्धतच बदलली, किंवा चुकून मोठा आकडा बाहेर पडला, तर पुढच्या आवृत्त्या लहान ठरू नयेत म्हणून ही सोय आहे. डेबियनच्या एफएफएमपेग या व्हिडिओच्या पॅकेजालाही असाच ७ आहे. इपॉक लिहिलेला नसेल तर तो शून्य धरतात, आणि तुलना आधी इपॉकची होते. तो मोठा निघाला की कोलनच्या पुढे काय आहे ते कुणी पाहतच नाही. बाहेरच्या रिपॉझिटरीने आपली पॅकेजं नेहमी डेबियनच्या वर राहावीत म्हणून सगळ्यांना २० लावला होता. म्हणून ॲप्टच्या हिशेबी १.२६ ही २०:१.२२ पेक्षा जुनी होती, आणि ॲप्ट आपणहून मागे जात नाही. मघाच्या प्रश्नाचं उत्तर हे.

पण यातून जे पुढे निघतं ते जास्त गंभीर आहे. समजा ट्रिक्सीतल्या एखाद्या पॅकेजाने लिहिलंय, ‘मला लिबजीस्ट्रीमर १.२६ किंवा त्यापुढचं हवं’. ते कशासाठी लिहिलेलं असतं? १.२६ मध्ये आलेलं एखादं फंक्शन ते वापरतं म्हणून. आता या यंत्रावर २०:१.२२ आहे. ती १.२६ च्या ‘पुढची’ आहे का? मी ‘डीपीकेजी --कंपेअर-व्हर्जन्स’ने विचारून पाहिलं. उत्तर: हो. अट पूर्ण झाली. कागदावर सगळं जुळलं, आणि लायब्ररीत ते फंक्शन नाही. असा प्रोग्राम अपग्रेडच्या वेळी काही बोलत नाही. दोन आठवड्यांनी कुणीतरी तो उघडतं आणि तो ‘अनडिफाइंड सिंबल’ म्हणत मरतो. तेव्हा अपग्रेडशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणजे अकरा वाजता मला जी यादी स्वच्छ दिसली ती तिन्हींत सगळ्यात वाईट होती. कीबोर्डच्या वेळी डीपीकेजी ओरडलं, वाइनच्या वेळी ॲप्टने निदान यादीत लिहून दाखवलं. इथे मात्र दोघंही गप्प होती, कारण त्यांना दिलेली माहितीच खरी नव्हती. ॲप्टला लायब्ररीच्या आत काय आहे ते कळत नाही. पॅकेज बनवणाऱ्याने जे लिहून दिलंय त्यावर विसंबूनच ते चालतं. ‘ब्रेक्स’, ‘डिपेंड्स’, आवृत्तीचा आकडा ही सगळी माणसांनी माणसांसाठी लिहिलेली विधानं आहेत. विधान खरं असेल तर कॉन्फ्लिक्ट वेळेवर दिसतो. आकडा फुगवला किंवा नकार जोराने मोडला की कॉन्फ्लिक्ट जात नाही, तो फक्त दिसेनासा होतो. या यंत्रावर ‘--फोर्स-ओव्हरराइट’ आणि वीसचा इपॉक यांनी एकच काम केलं होतं.

त्या रात्री संगणक तसाच ठेवून घरी गेलो.

खाली आणणं

दुसऱ्या दिवशीची दिशा स्पष्ट होती: बाहेरून आलेलं प्रत्येक पॅकेज डेबियनच्या आवृत्तीवर आणायचं, आकडा ‘लहान’ दिसत असला तरी. याला डाउनग्रेड म्हणतात, आणि डेबियन अधिकृतपणे त्याला पाठिंबा देत नाही. कारण पॅकेजांतल्या बसवण्याच्या स्क्रिप्ट पुढे जायला शिकवलेल्या असतात, मागे यायला नाही. मारियाडीबीसारखं पॅकेज, जे आपल्या डेटाची रचनाच नव्या आवृत्तीत बदलतं, असं मागे आणू नये. डेटा उघडणार नाही. इथे प्रश्न नुसत्या लायब्ररींचा आणि प्लगिनांचा होता. त्यांचा स्वतःचा डेटा नसतो. आणि प्रत्यक्षात आपण १.२२ वरून १.२६ वरच जात होतो, मागे येत होता तो फक्त इपॉक.

आधी यादी काढली. ॲप्टमध्ये शोधाचं एक सूत्र आहे, ‘?नॅरो’, ‘?इन्स्टॉल्ड’ आणि ‘?नॉट(?ओरिजिन(डेबियन))’ यांचं, जे बसलेलं पण डेबियनकडून न आलेलं सगळं दाखवतं. अजून न बदललेली बुकवर्मची पॅकेजंही त्यात येतात, ती वगळून तीसच्या आसपास नावं उरली. त्यांचे दोन ढीग केले. ज्यांचं डेबियनमध्ये त्याच नावाचं पॅकेज आहे ती, आणि ज्यांचं नाही ती. दुसऱ्या ढिगातली काढून टाकली. त्यातलं एकही वाचनालयात वापरात नव्हतं. व्हिडिओसाठी जे लागत होतं ते ट्रिक्सीतल्या व्हीएलसी प्लेयरने स्वतःहून चालवलं.

पहिल्या ढिगासाठी पिनिंग, म्हणजे कुठल्या रिपॉझिटरीला किती प्राधान्य द्यायचं ते ॲप्टला आकड्याने सांगणं. ॲप्टच्या प्राधान्याच्या आकड्यांत साध्या रिपॉझिटरीला ५०० मिळतात, आधीपासून बसलेल्या आवृत्तीला १००. आकडा १००० किंवा त्याहून जास्त असला की मगच ॲप्ट आवृत्ती खाली आणायला तयार होतं. म्हणून ‘प्रेफरन्सेस.डी’मध्ये तीन ओळींची फाइल केली: सगळ्या पॅकेजांसाठी, ज्यांचं ओरिजिन ‘डेबियन’ आहे त्यांना १००१.

इथे एक खड्डा आहे. बऱ्याच ठिकाणी ही ओळ ओरिजिनसोबत ‘ट्रिक्सी’ हे नाव घालून दिलेली असते. सुरक्षा-सुधारणांच्या रिपॉझिटरीचं नाव ‘ट्रिक्सी-सिक्युरिटी’ असल्यामुळे ती त्यात बसत नाही, तिला ५०० च राहतात. मग १००१ वाली मुख्य रिपॉझिटरी जिंकते आणि सुरक्षेसाठी दुरुस्त झालेली पॅकेजं मूळ, न दुरुस्त आवृत्तीवर आणली जातात. फक्त ओरिजिन लिहिलं की दोन्ही एकाच आकड्यावर येतात, आणि त्यांच्यातली नवी आवृत्ती घेतली जाते.

नाटक पुन्हा चालवलं. या वेळी यादीत नवा भाग दिसला, ‘डाउनग्रेडेड’. तिथे जीस्ट्रीमर दोन्ही आर्किटेक्चरसाठी, शेजारी शेजारी, एकाच आवृत्तीचं. वाइन३२ निघणाऱ्यांत नाही, उलट ८.० वरून १०.० वर जाणाऱ्यांत. ‘रेम्व्ह’मधली नावं मी पुन्हा टी६४ लावून गाळली. उरलं ते एकेक करून पाहिलं, त्यात काळजीचं काही नव्हतं. मग खरं फुल-अपग्रेड चालवलं. पाऊण तास लागला. मध्ये कॉन्फिगरेशन फाइलींबद्दल दोन प्रश्न आले. दोन्ही वेळा फरक पाहून आपली फाइल ठेवली.

पुन्हा सुरू केल्यावर पिनची फाइल लगेच काढली. ती विसरली तर पुढे कधी बॅकपोर्ट्समधून (चालू डेबियनसाठी बनवलेल्या नव्या आवृत्त्यांच्या साठ्यातून) काही आणल्यावर नको तिथे आवृत्त्या उड्या मारतील. आता न लागणारी पॅकेजं काढणारं ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ मात्र त्या दिवशी चालवलं नाही. मागे राहिलेल्या जुन्या लायब्ररी अजून कुणाला लागत नाहीत ना, हे आठवडाभर वापर झाल्यावर कळतं.

ताई पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आल्या. त्यांनी आधी कीबोर्ड निवडून ‘कऱ्हाड’ टाइप केलं, मग जुना प्रोग्राम उघडून एका जुन्या सभेचं इतिवृत्त काढलं आणि छापलं. मी गोष्टीचा एक व्हिडिओ चालवून आवाज पाहिला. डेबियनबाहेरची पॅकेजं दाखवणारं ते सूत्र आता एकही नाव देत नाही.

बत्तीस-बिट वाइन ट्रिक्सीत मिळालं. त्यापुढच्या आवृत्तीत ते कोणत्या रूपात असेल यावर इतिवृत्तं टांगून ठेवायची नाहीत, असं आम्ही ठरवलं. ताईंनी ती युनिकोडमध्ये आणायला घेतली आहेत. दर शनिवारी दुपारी एका वर्षाची. रूपांतर केलेला मजकूर मूळ छापील प्रतीशी ताडून पाहायला दोन जुने सभासद येतात, कारण त्या फॉन्टातला अर्धा ‘ऱ’ रूपांतरात दर वेळी हरवतो.